दोन बोटं ढील

मिस्त्रीला सगळे दोनबोटे म्हणत. नवखा माणूस आधी त्याच्या हातांकडे बघे आणि दहाच्या दहा बोटं शाबूत दिसली की ओशाळे. नाव बोटांवरूनच पडलं होतं, पण ती गोष्ट वेगळी.

ट्रकचा वेग ठरल्यापेक्षा वर जाऊ न देणारी एक डबी असते. ती बसवायची, स्क्रूच्या भोकातून तार ओवायची आणि तारेची टोकं शिशाच्या मण्यात दाबून सील करायची, हे मिस्त्रीचं वीस वर्षांचं काम. मण्यावर त्याचा नंबर उमटे. तार ताणून बांधली तर स्क्रू हलत नाही. दोन बोटं ढील ठेवली तर मात्र स्क्रू अलगद निघतो, डबी मुकी होते आणि मणी शहाण्यासारखा जागेवर राहतो. तपासणीवाले नंबर वाचत. तार ओढून बघायची तसदी कोण घेतो?

पहिली ढील त्याने दयेपोटी ठेवली होती. एका ड्रायव्हरची आई दूरच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती आणि रडत आलेल्या माणसाला नाही म्हणणं मिस्त्रीला कधी जमलंच नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो म्हणतात ना, अगदी तसंच झालं. महिन्याभरात जो तो गॅरेजात येऊन बोलता बोलता दोन बोटं दाखवू लागला.

मग एक दिवस उतारावर एक ट्रक बसथांब्यात घुसला. सहा माणसं गेली. पेपरातल्या फोटोत चेपलेल्या इंजिनाशेजारी डबी लोंबत होती आणि सील शाबूत होतं. मिस्त्रीने चष्मा लावून मण्यावरचा आपलाच नंबर वाचला आणि पेपर घडी करून ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोला म्हणाला, पित्त झालंय.

वेगमर्यादा ऐंशीवरून साठवर आणायची का, यावर सभा भरली. ट्रकमालक म्हणाले, माल सडेल. थांब्यावर मुलगी गेलेली एक बाई नुसती उभी राहिली. मग सभा घेणाऱ्या साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, "यंत्र भरवशाचं आहे का?"

मिस्त्री उठला. घशाशी दोन बोटं आली होती. सांगितली असती तर हातातलं काम गेलं असतं, कदाचित तुरुंगही लागला असता. पण त्याला अडवलं ते त्या बाईच्या नजरेने. ती त्याच्याकडे असं बघत होती, जणू इथे तोच एक कामाचा माणूस होता.

"यंत्र चांगलंय साहेब," तो म्हणाला. "पण तुम्ही गाडीला बांधता. माल पोचवायची वेळ मालक ठरवतो, तिला कोण बांधणार?"

"तो आजचा विषय नाही," साहेब म्हणाले. नियम साठचा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजापुढे नवं सील करून घ्यायला ट्रकांची रांग लागली. एक सोडून झाडून सगळ्यांनी दोन बोटं दाखवली.

त्या रांगेत जावयाचा ट्रकही होता. लेक पोरीला कडेवर घेऊन सोबतच आली होती. "बाबा, ह्यांचं सील तुम्ही स्वतः बांधा. माझ्यासमोर." मिस्त्रीने तार अशी ताणली की बोटाला वळ उठला. वीस वर्षांत इतकं इमानदार काम त्याच्या हातून झालं नव्हतं. बाहेर पडताना लेक हसत होती, आणि त्याला वाटलं, चला, एक तरी वाचवला.

तीन आठवड्यांनी जावई एकटाच आला. डोळे लाल, गाल बसलेले. स्टुलावर बसला तो भिंतीला टेकूनच.

"मामा, सैल करा."

"जावईबापू, तुम्ही तरी..."

"बाकीचे ऐंशीने जातात. पोचायची वेळ सगळ्यांना तीच. मी साठने गाठायची तर झोप सोडावी लागते." तो खाली बघत राहिला. "दोनदा स्टिअरिंगवर डोळा लागला, मामा. तिला बोललो नाही."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मिस्त्रीनेच खणलेली. घट्ट ठेवावं तर हा झोपेत जाणार, सैल करावं तर जागेपणी. शेवटी त्याने पकड घेतली, स्वतःचंच सील तोडलं, नवी तार ओवली आणि मधे दोन बोटं धरली. ढील जरा जास्तच राहिली.

मणी दाबून होतो तोच दारात लेक आली. नवऱ्याचा विसरलेला जेवणाचा डबा द्यायला पोरीला कडेवर घेऊन धावत आली होती. तिने वाकून इंजिनाकडे पाहिलं. मणी नवा कोरा चमकत होता.

"पुन्हा बांधलंत?"

"हो. जुनं झिजलं होतं."

"बरं केलंत," ती म्हणाली. "बाबा, खरं सांगू? तुमच्या हातचं आहे म्हणून मला झोप लागते."

जावयाने खाली मान घालून डबा घेतला आणि ट्रक चालू केला. लेक पोरीचा हात धरून टाटा करायला शिकवत होती. मिस्त्रीनेही हात वर केला.