चारठाण्याच्या पानावरचा नंबर

पर्यटनाच्या वेबसाइट लोकांना नीट वापरता येतात का, हे तपासणं माझं काम. फोन हातात द्यायचा, ‘यावर बघून अमुक ठिकाणी पोचा’ म्हणायचं आणि माणूस कुठं अडतो ते गप्प राहून बघायचं. चारठाण्याच्या देवळांच्या वेबसाइटवरच्या पानासाठी मी मानवतचं एक शिक्षक जोडपं सोबत घेतलं होतं.

नकाशानं आम्हाला कापसाच्या रानात नेऊन सोडलं. शेवटी मॅडमनी पानावरचा गाइडचा नंबर लावला. फोन उचलला एका बाईनं.

“ते देवळाकडंच गेलेत. तुमी मागं फिरा, गावातून या.”

देवळात कुणीच नव्हतं. आत अंधार, वटवाघळांचा वास. कुणी चालल्यासारखं वाटलं म्हणून सरांनी हाक मारली. त्यांचाच आवाज परत आला. तेवढ्यात मागून पन्नाशीची एक बाई आली. फोनवरचाच आवाज. तिनं खांबांवरची शिल्पं दाखवली. बोलता बोलता मधेच थांबायची, पुढचं दुसरं कुणी सांगणार असल्यासारखी.

“गाइड कुठं आहेत?” मॅडमनी विचारलं.

“माझे मालक ते. गेल्या पावसाळ्यात वारले.”

सर दचकून गाभाऱ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, “मग फोनवर तसं का सांगितलंत?”

“लोक त्यायचं नाव घेऊन इचारतात. त्या लोकांसाठी ते अजून हायतच की. मी न्हाई कशी म्हणू?”

नंबरापुढचं नाव चुकीचं आहे, हे मला अहवालात लिहिणं भाग होतं. त्याजागी तुमचं नाव लावू का, असं मी तिलाच विचारलं. ती उंबऱ्याजवळ बसली. मग म्हणाली, “लावा माझं नाव.”

नवं पान सुरू झाल्यावर मी तिला फोन केला.

“लय लोक येतात,” ती म्हणाली. “पहिले कोणी ना कोणी त्यायला बोलवायचं. घरात हायत असं वाटायचं. आता समदे मलाच इचारतात. तुमच्याकडं ते जुनं पान असंल का हो?”

तपासणीसाठी जपलेला त्या पानाचा फोटो मी तिला पाठवला. तिनं तो पाहिल्याची निळी खूण दिसली.

काम अजून तेच करतो. पण कुठल्याही साइटवरचा नंबर लावायची वेळ आली की बोट अडतं. पलीकडं घंटी वाजत असते, आणि पानावरच्या नावाऐवजी मागं राहिलेलं कुणी उचलेल, त्यापेक्षा कुणी उचलूच नये असं वाटत राहतं.