साखराबाईची गाळलेली ओळ

तलवाड्याजवळच्या एका वाडीत साखराबाईचा जन्म झाला. जात धनगराची. संवत छप्पन्नच्या दुष्काळात आईबाप मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाकाठानं चारा धुंडत निघाले. आधी मेंढरं संपली, मग बाप, मग आई. पोर तेवढी उरली. तिला रस्त्यावरून कुणा वाटसरू बाईनं उचललं, आणि जालन्याच्या मिशनच्या छावणीत नेऊन सोडलं. ती बाई कोण, कुठली, हे साखराबाईला जन्मभर कळलं नाही.

छावणीत ती वाचायला शिकली, लोकर कातायला शिकली, वयात आल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला. तिथंच दिंद्रुडकडचा सिदू नावाचा तिच्यासारखाच पोरका धनगर होता. त्याच्याशी लग्न झालं. दोघं परत वाडीला आली, गावाबाहेरच्या माळावर झोपडी घातली, चार मेंढरं पाळली, घोंगड्या विणायला लागली. मार्था नावाची मुलगी झाली. रविवारी आजूबाजूच्या वस्त्यांवरची दहा-बारा माणसं त्यांच्या अंगणात प्रार्थनेला जमत. आसाराम मास्तर नावाचे पाळक गेवराईहून तट्टावर बसून येत.

वाडीत तिचा चुलतभाऊ होता, बंकट. मोठा रांगडा, भावकीत वजन असलेला गडी. घराण्यातली पोर बाटली याचा त्याला लई राग होता. तरी भांडण असं कधी झालं नव्हतं. समोर दिसली की तो रस्ता बदलायचा, एवढंच.

पुढं एका उन्हाळ्यात वाडीत पटकी आली. घराघरातून माणसं जायला लागली. आसाराम मास्तरांनी विहिरीत टाकायचं लाल औषध आणून दिलं. सिदूनं पाटलाला विचारलं, पाटील हो म्हणाले, आणि त्यानं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विहिरीत सोडलं. पाणी गुलाबी झालं. त्याच दिवशी दुपारी बंकटचा थोरला भाऊ पटकीनं गेला.

भावाला पोचवून बंकट सरळ विहिरीवर आला. सिदू तिथंच होता.

"काय कालवलं बे पाण्यात?"

"औषध हाय, दादा. पाटलाला पुसून टाकलं."

"माझा भाऊ खाल्ला तू!"

बंकटनं पायाजवळचा धोंडा उचलला आणि मारला. सिदूच्या कानशिलावर बसला. घागर घेऊन आलेल्या साखराबाईनं ते पाहिलं. कडेवरच्या मार्थानंही पाहिलं. दुसऱ्या दिवशी सिदू गेला.

बीडला निजामाच्या अदालतीत खटला चालला. भावकीतली चार माणसं साखराबाईला भेटून गेली. "गर्दी होती, धोंडा कुणी मारला ते दिसलं न्हाई, एवढं म्हण," ती माणसं म्हणाली. तिनं ऐकून घेतलं आणि अदालतीत जे पाहिलं तेच सांगितलं. जजसाहेबांचं उर्दू तिला कळत नव्हतं, पण सजा सुनावल्यावर बंकटची बायको बायडाबाई ज्या आवाजात रडली, तो आवाज कळायला कुठली भाषा लागत नव्हती. बंकटला औरंगाबादच्या तुरुंगात धाडलं.

साखराबाई वाडी सोडून गेली नाही. घोंगड्या विणत राहिली, रविवारची प्रार्थनाही चालू राहिली. त्या प्रार्थनेत एक ओळ येते: आमच्याशी वाईट वागणाऱ्यांना आम्ही माफ करतो, तशी तू आम्हाला माफी दे, अशा अर्थाची. ती ओळ आली की साखराबाई गप्प व्हायची. ओळ संपली की पुढचं सगळ्यांबरोबर म्हणायची. आसाराम मास्तरांच्या ते ध्यानात आलं.

"साखराबाई, मधीच का थांबता?"

"देवापुढं खोटं कसं बोलू, मास्तर?"

मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बरं. नका बोलू. तुमच्या वाट्याची ओळ आमी म्हणतो."

अशी कितीतरी वर्षं गेली. बंकट सुटून आला तेव्हा मार्था लग्नाच्या वयाची झाली होती. तुरुंगात खडी फोडून तो वाळून गेला होता. घरी दोन दिवस बसला आणि तिसऱ्या दिवशी भर उन्हात माळावर आला. साखराबाई अंगणात मागावर बसली होती. तो लांबच, मेंढरांच्या वाड्यापाशी, मातीत बसला.

"कावून आलास?" तिनं हात न थांबवता विचारलं.

"चाकरीला आलो. तुझी मेंढरं राखतो. मरेपर्यंत राखतो. पैका नको, भाकर नको."

साखराबाईच्या अंगाची आग झाली. एवढी वर्षं तिनं मनात किती तरी वेळा या माणसाला उभं करून शिव्या दिल्या होत्या. त्यातली एकही आता आठवेना. ती उठली.

"मेंढरं राखून सिदू फिटतो व्हय रे?"

"न्हाई फिटत. मला म्हाईत हाय. पण कायतरी करू दे. रोज मर मर काम करीन."

"आन् किती वर्सांनी म्हणशील झालं आता म्हणून?"

 बंकट मान खाली घालून मातीत बोटं फिरवत राहिला. साखराबाई त्याच्याकडे बघत होती. रस्त्याच्या कडेला पडलेली आपण, आणि आपल्याला उचलणारी ती बाई, हे तिला का आठवलं कुणास ठाऊक. त्या बाईसाठी आपण काय केलं होतं? काही नाही. उभं राहायची ताकदसुद्धा नव्हती.

"जा घरी," ती म्हणाली. "तुला माफ केलं मी."

शब्द तोंडातून गेले आणि ती स्वतःच दचकली.

बंकटनं वर बघितलं. "असं कसं? फुकट?"

"फुकटच."

"मला नको फुकट! मी काय भिकारी हाय?"

"मी हाय," साखराबाई म्हणाली. "मला सगळं फुकटच भेटलं. जीव बी अन् देव बी. तुला दुसरं कुठून आणून देऊ?"

बंकट तणतणत निघून गेला. तिनं धोंडा मारला असता तरी त्याला इतकं लागलं नसतं, असा चेहरा करून गेला. साखराबाई घरात गेली आणि सिदूचं नाव घेऊन पोटभर रडली. माफ केल्यानं हलकं वगैरे काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी बंकट गावात दिसला तेव्हा पुन्हा अंगाची तशीच आग झाली. तिनं ते मास्तरांना सांगितलं.

"मंग ती माफी खोटी व्हती का, मास्तर?"

"खोटी कशी? राग आला की परत करा. मला बी असंच करावं लागतं." मास्तरांना कुणाला माफ करावं लागतं, हे तिनं विचारलं नाही.

त्या रविवारी तिनं ती ओळ म्हटली. आवाज फुटका आला, पण म्हटली.

पावसाळा सरता सरता बंकट पुन्हा आला. या वेळी बायडाबाई सोबत होती. तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती भावकी आपली मेंढरं देईना, असं बायडाबाईनंच सांगितलं. साखराबाईनं दोघांना भाकरी वाढली. ख्रिस्ती झालेल्या बाईच्या हातचं खायचं म्हणून बायडाबाई जरा थबकली, मग नवऱ्याकडं बघून तिनं घास मोडला.

"मेंढरं राखायची तर राख," साखराबाई बंकटला म्हणाली, "पण फेड म्हणून न्हाई. मला गडी पायजे, तुला काम पायजे. कामाचं दाणं घेशील तरच ये."

तो येऊ लागला. फार बोलायचा नाही. रविवारी प्रार्थना चाले तेव्हा कुडाच्या पलीकडं बसायचा, आत कधी आला नाही, आणि ये असं त्याला कुणी म्हटलंही नाही.

मार्था मात्र त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो अंगणात आला की ती घरात जायची. एकदा आईनं विषय काढला.

"तू माफ केलंस ना? ती तुझी माफी," मार्था म्हणाली. "माझा बाप व्हता."

साखराबाई पुन्हा कधी तिला त्यावरून बोलली नाही. लेकीच्या वतीनं माफी देणं आपल्या हातात नाही, एवढं तिला समजत होतं.

मार्थाचं लग्न जालन्याकडच्या एका विणकराशी ठरलं. लग्नात मामा पाठीशी उभा राहायचा असतो. मार्थानं आधीच सांगितलं, तो माणूस मांडवात नको. साखराबाईनं बंकटला तसंच सांगितलं. तो हो म्हणाला, आणि लग्नाच्या दिवशी पहाटेच मेंढरं घेऊन लांबच्या माळावर निघून गेला.

दुपारी मार्थाची बैलगाडी निघाली. साखराबाई गाडीला धरून वाडीच्या शिवेपर्यंत चालली. वाट नेमकी त्या माळावरून जात होती. गाडी दिसताच बंकट बाभळीच्या आड सरकला, पण पाठमोरा दिसत होताच. त्याचं लक्ष मेंढरांवर नव्हतं, आणि पाच-सहा मेंढरं शेजारच्या ज्वारीत शिरली होती.

मार्थानं गाडी थांबवायला लावली. बराच वेळ ती त्या पाठीकडं बघत बसली. 

"मामा," मार्थानं हाक मारली. "मेंढरं पिकात शिरली बघा."

बंकट वळला. तो तसाच उभा राहिला, मग भानावर येऊन ज्वारीकडं पळत सुटला. मार्थानं डोळे पुसले, आणि गाडीवानाला म्हणाली, "चला."