तिने पुरवलेले तीन शब्द

आमच्या वायरमनला कुठलीच वस्तू नावानं मागता यायची नाही. "अगं, ते हे दे," एवढं म्हणायचा अवकाश, बायको पक्कड हातात ठेवायची. तीस वर्षं त्याचं "हे" आणि शब्द हिचा. नवऱ्याचं निम्मं डोकं माझ्याकडेच असतं, म्हणून मिरवायचीसुद्धा. मग उरलेल्या निम्म्यात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलीय, ऑपरेशन जागेपणीच करू. आदल्या दिवशी बोलण्याचे उपचार करणारी ताई चित्रांची कार्डं घेऊन आली. ती चित्र दाखवणार, यानं नाव सांगायचं. बायको ताईच्या पाठीमागे उभी. गडी शिडीपाशी अडला. बायकोनं मागून ओठ हलवले. "शिडी," तो म्हणाला. मग कंगवा, मग कासव. ऐंशीपैकी ऐंशी. बायकोबाई अशा फुलल्या, जणू पोरगा वर्गात पहिला आलाय.

सकाळी स्ट्रेचर निघालं. चालता चालता बायकोनं ताईला विचारलं, "कार्डं आजपण लागणार का हो?"

"आजच तर लागणार. डॉक्टर मेंदूवर एकेका जागी बारीक करंट लावतील, मी चित्र दाखवेन. शब्द अडला की ती जागा बोलण्याची. मग तिथली गाठ कापायची नाही, तशीच ठेवायची. म्हणून तर काल पक्की येणारी कार्डंच ठेवली."

बायकोबाईंनी मनात हिशेब मांडला. हा तर शिडीला करंटवाचूनच अडणार. सांगावं तर नाक कापलं जाणार, न सांगावं तर गाठ कापली जाणार नाही. दार चार पावलांवर.

तिनं स्ट्रेचरची दांडी धरली. "थांबा. शिडी, कंगवा, कासव. हे तीन माझे होते. मी मागून ओठ हलवत होते."

आडवा वायरमन म्हणाला, "हिनं कॉपी पुरवली, मी केली. दोघांना नापास करा."

ताई हसली नाही. तिनं तीन कार्डं काढली. "बाकीची?"

"बाकीची त्यांचीच. आईशप्पथ."

चार तासांनी ताई बाहेर आली. "एकाच जागी अडले. तिथं तीनदा करंट लावून बघितला, तिन्ही वेळा अडले. तेवढी सोडली. बाकी गाठ निघाली."

आत तो डोक्याला पट्टी बांधून पडलेला. तिला बघून ओठ हलले. "अगं, जरा ते..."

"पाणी" तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिनं जीभ दातांत धरली. त्याची नजर छताकडे गेली, भिंतीवर फिरली.

"चष्मा," तो म्हणाला.