रेस देऊ नका, सर!

आज भूमच्या गॅरेजात गाडीचं इंजिन सांभाळणारा बिघडलेला कॉम्प्युटर बदलला. नव्याला इंजिनाचे सेन्सर ओळखायला शिकायचं होतं. सलीममिस्त्री म्हणाले, "एसी बंद करा, गाडी चालू करा आन् धा मिनिटं एक्सलेटरला पाय लावू नका. ती आपली आपण शिकती."

इंजिन थरथरलं. बंद पडेल म्हणून सवयीनं मी एक्सलेटर दाबून रेस दिली. तिचं शिकणं परत पहिल्यापासून सुरू. दुसऱ्यांदाही तेच.

मिस्त्री वैतागले. "दिली न्हवं पुन्हा रेस? सर, बंद पडली तर पडू द्या, पण तिला शिकू द्या!"

तिसऱ्यांदा मी सीटवर चक्क मांडी घालून बसलो. थरथर हळूहळू थांबली, इंजिन एका लयीत चालू राहिलं.

वीस वर्षं शाळेत शिकवतोय. फळ्यापाशी कुणी अडखळलं, की उत्तर मीच सांगून टाकतो. दहा मिनिटं सोडा, दहा सेकंद थांबल्याचं आठवत नाही.

मास्तर मंडळी, तुम्ही थांबता का?