आडनाव वेगळं

"लग्न नात्यात झालंय का?" डॉक्टर नफिसांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. शहाजीने ठामपणे नाही म्हटलं आणि बबीतानेही मान हलवली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. नातं म्हणजे भावकी, एका आडनावाची माणसं. बबीता तर शहाजीच्या सख्ख्या मामाची मुलगी. गावाकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो, त्याला नात्यातलं लग्न कोण म्हणतं?

आज त्यांच्या लेकीचा, ईश्वरीचा, जनुकांचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर हैदराबादच्या. त्या हिंदीतून सावकाश सांगत होत्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. आईच्या पोटात ती घडत असताना तिच्या पेशी सुरुवातीला सारख्याच असतात. मग एकेक जनुक जागं होतं आणि कामं वाटून देतं. काहींनी वाढीचं बघायचं, काहींनी थायरॉइडला हुकूम द्यायचा, काहींनी वयात आणायचं. ईश्वरीत त्यातलं एक जनुकच बिघडलेलं होतं. पेशी जमल्या, पण त्यांचं काही बनलंच नाही.

"म्हणजे माणसं साइटवर आली, पण फोरमन आलाच नाही," शहाजी म्हणाला. तो स्वतः फोरमन होता. इथे आखातात, अल वक्राच्या नव्या स्टेडियमचं छप्पर चढत होतं आणि आजची अर्धी सुट्टी त्याने मिनतवाऱ्या करून मिळवली होती.

"अगदी तसंच. पण हा बिघाड आईवडील दोघांकडून यावा लागतो, आणि तुमच्या दोघांत तो हुबेहूब एक आहे. खरंच काही नातं नाही?"

"नाही मॅडम. आडनावं वेगळी आहेत आमची."

बबीताला तिसरा महिना होता. सगळं तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं. "माझे वडील आणि यांची आई सख्खे भाऊबहीण," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

डॉक्टरांनी ते फाइलवर लिहून घेतलं. "मग या बाळालाही चारात एक शक्यता आहे. पोटात असतानाच तपासता येतं. घरी बोला आणि ठरवा."

परत जाताना शहाजी गाडी चालवत होता. रस्त्यावर नवे झेंडे लागले होते. बबीता ते बघत राहिली.

दुपारी ईश्वरी शाळेतून आली. नऊ वर्षांची झाली तरी बसमधली बाई तिला केजीच्या पोरांत बसवायची.

"पुन्हा लहानांत बसवलं?"

"आयम नॉट स्मॉल, आई. आयम कॉम्पॅक्ट."

एरवी बबीता हसली असती. तिने दूध ओतलं, साखर घातली, ढवळत राहिली.

मग तानूबाईंचा फोन आला. सासू खरी, पण बबीताला त्या आत्याच. "पोरगी तुझ्या आईवर गेलीया, बुटकी. आपल्या घरात नव्हतं असलं काही."

"आत्या, धोंडीरामकाकाला दाढी आली होती का हो?"

धोंडीराम तानूबाईंचा धाकटा भाऊ, बबीताचा सख्खा काका. चाळिशीतही आवाज पोराचा, उंची पोराची. गाव त्याला बाळ्या म्हणायचं. साध्या तापात गेला.

"त्याचं कशाला काढतीस आता?" तानूबाईंचा आवाज खाली आला होता.

"त्यालाही हेच होतं. कुणाला कळलं नाही."

फोन ठेवल्यावर शहाजी दारात उभा दिसला. "बबे, पोटातल्याचं काय करायचं?"

"पोटात नाही बघायचं. जन्मलं की पहिल्या आठवड्यात रक्त तपासायचं. ईश्वरीसारखी नऊ वर्षं वाया नाही जाऊ द्यायची."

"आणि निघालं तर?"

"तर सुई. दोघांना मीच देईन."

थायरॉइडच्या गोळ्या आधीच सुरू होत्या. वाढीच्या इंजेक्शनचा आज पहिला दिवस. शहाजीने इंजेक्शनचं पेन फ्रिजमधून काढलं, पण सुई लावायची सोडून तो सूचनांचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. बबीताने ते काढून घेतलं. ईश्वरीने डोळे मिटून मांडी पुढे केली. सुई आत गेली. बबीताचा हात हलला नाही, आत कुठे काही हललं नाही.

"खलास?" डोळे न उघडता ईश्वरीने विचारलं.

"आजचं खलास."