निलोफरनं सोपवलेलं काम

संत तुकाराम नगरातल्या त्या घरात रोज दुपारी निलोफरचा वर्ग भरायचा. शिकणारी पोरं व्हिएतनाममध्ये आणि शिकवणारी इथं, स्वयंपाकघराच्या दाराशी लॅपटॉप घेऊन बसलेली. गाड्यांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी सांभाळणारा एक प्रोग्राम तिनं कित्येक वर्षं पोटच्या पोरासारखा जपला होता. आता तिकडं पगार कमी, म्हणून कंपनीनं ते काम तिकडं हलवलं होतं. त्यांना सगळं यायला लागलं, की निलोफरची नोकरी संपणार होती.

"काही शिकवायचं राहिलं, तर अजून थोडे महिने ठेवून घेऊ," असं मॅनेजर बोलून गेला. तेवढंच तिच्या आईनं, रुक्सानानं, धरून ठेवलं.

"मग राहू दे ना एखादी गोष्ट! अडकलेली ऑर्डर कशी सोडवायची, ते तुलाच येतं. थोडं हातचं राख. तुझ्या अब्बांनी डिझेल पंपाचं काम कधी कुणाला दाखवलंय का?"

जेवायला बसलेले बरकत हसले. "म्हणून तर अंगात ताप असला तरी गॅरेजला मलाच जावं लागतं."

"अब्बा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

"मी रश्श्याच्या बाजूनं. वाढ."

दुसऱ्या दिवशी रुक्साना चहा घेऊन आली, तर पडद्यावर लिन नावाची मुलगी रडवेली झालेली. ऑर्डर अडकली होती आणि तिला काही केल्या सुटत नव्हती. रुक्साना दारातच थबकली. आता पोरगी गप्प बसली, की झालं.

निलोफरनं एकदा दारातल्या आईकडं पाहिलं. मग म्हणाली, "घाबरू नकोस, पहिल्यापासून करू." एकदा दाखवलं, पुन्हा दाखवलं, मग लिनलाच करायला लावलं. ऑर्डर सुटली तशी लिननं टाळ्या वाजवल्या, आणि निलोफरनंही.

रुक्सानाला आधी रागच आला. पण स्वतःची भाकरी जात असताना इतक्या निगुतीनं शिकवणारी ही पोर कुणावर गेली, या विचारानं तिचा ऊर भरून आला.

शिकवणं संपलं आणि लॅपटॉप कंपनीला परत गेला. चाकणच्या एका कारखान्यात निलोफरची मुलाखत ठरली आहे. तिथं मशिनी चालवणारे प्रोग्राम लिहायचे, म्हणजे बरंच नव्यानं शिकणं आलं. नोकरी मिळेलच असं नाही, आणि रुक्सानाच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

परवा जिन्यात शेजारच्या इंदुताईंनी गाठलंच. "निलोफरचं काम गेलं म्हणे?"

"गेलं नाही, इंदुताई," भाजीची पिशवी सावरत रुक्साना म्हणाली. "नीट शिकवून, सोपवून आलीय ती."