काका विमानात बोलले

माणसांशी माझ्या काकांइतकं कमी बोलणारा माणूस पोलादपूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि म्हशींशी इतकं बोलणाराही नसेल. घरात त्यांचं बोलणं ‘हां’, ‘नाय’ आणि ‘बगू’ यांत संपे. गोठ्यात दूध काढायला बसले की मात्र घरातली, भावकीतली, आमच्या कुडपण गावातली प्रत्येक गोष्ट ते म्हशीला सविस्तर सांगत. स्वतःच्या मुलीचं लग्न ठरल्याचं काकूला गोठ्याबाहेर उभी असताना कळलं. “मी म्हैस झाले असते तर बरा झाला असता,” असं ती अजून म्हणते.

वडील लवकर गेल्यावर मला काकांनीच शिकवलं. महाडच्या कॉलेजातून मी पदवीधर झालो, घराण्यातला पहिला. पेढे घेऊन डोंगर चढून वर गावी गेलो. काकांनी पेढा खाल्ला, “गोड हाय” म्हणाले आणि गोठ्यात गेले. हा अभिप्राय पेढ्याविषयी होता की निकालाविषयी, हे मला पुढची आठ वर्षं कळलं नाही.

मग बंगळूरला नोकरी लागली, आणि माझं घर दाखवायला मी काकांना विमानाने नेलं. विमान वर गेलं आणि मागच्या आसनावरची पाचेक वर्षांची मुलगी काकांच्या पाठीत लाथा घालू लागली. तिची आई रागावली, बिस्किटं झाली, हवाई सुंदरीने रंगीत खडू दिले. लाथा चालूच. काकांनी बराच वेळ अंदाज घेतला. “लाथाळ हाय,” ते मला जाणकारपणे म्हणाले, आणि पट्टा सोडून आसनावर गुडघे टेकून मागे वळले.

“काय गो, भ्यालीस? मी पन भ्यालोय. ह्यो माझा पुतन्या. शिकायला महाडला धाडला तवा वाटला, आता ह्याला आमची लाज वाटंल, हा काय वर येत नाय. पन आला गो. दर सुट्टीला आला. तुला म्हनून सांगतो, लय बरा वाटला. आता त्याच्या घरी चाललोय. माझ्यामुलं चारचौघांत त्याची मान खाली जायला नको, येवढाच घोर हाय.”

चारचौघं माना वळवून बघत होतीच. मुलगी कानडी होती, तिला त्यातलं अक्षरही कळलं नसावं. पण समोरच्याला कळलं पाहिजे, अशी काकांची कधीच अट नव्हती. तिचे पाय थांबले. तोंडात अंगठा घालून ती ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता झोपली.

काका वळून बसले, पुन्हा गप्प. मला सांगायचं होतं, काका, तुमची लाज मला कधीच वाटली नाही. पण सकाळी विमानतळावर तपासणीच्या रांगेत त्यांनी सदरा काढायला घेतला, तेव्हा मी दोन पावलं मागे सरून उभा राहिलो होतो.

“काका, पाणी घेता?” मी विचारलं.

“दे,” ते म्हणाले.